मशीनमागचा गहू

"उणे नऊशे," बाबांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "दर महिन्याला. तुझ्या पदवीचं हे निव्वळ वजन."

भुईकाट्याच्या केबिनमध्ये तीस वर्षं गाड्या तोलणाऱ्या माणसाला कुठलीही गोष्ट दोनदा तोलल्याशिवाय चैन पडत नाही: एकदा भरलेली, एकदा रिकामी. लेकीची कृषी यांत्रिकीकरणाची पदवीही त्यातून सुटली नव्हती. कमाई सरासरी अकरा हजार. त्यातून शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता नऊ हजार चारशे, आणि शेतोशेती मशीन तपासत हिंडायचं पेट्रोल अडीच हजार. कर्जाला जामीन बाबाच होते आणि त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. कागद खोटा नव्हता, हीच तर पंचाईत होती.

"विमा कचेरीत एकवीस हजार, आणि डोक्यावर पंखा," स्टुलावर बसलेला मामा म्हणाला. ती नोकरी त्यानेच शब्द टाकून मिळवली होती. "पाचच्या आत हो कळवायचंय. चार वर्षं शिकून ग्रीस फासत फिरतेस, लोक मला विचारतात गं."

"लोकांना सांग, भाची ग्रीस फासते आणि हप्ता भरते. एकही चुकवलेला नाही."

"तोंड बघा हिचं!" मामा म्हणाला.

तेवढ्यात काट्यावर उभ्या ट्रॉलीचा मालक पावती नाचवत आत शिरला. "काट्यात खोट आहे तुमच्या! पाच एकरांचा गहू. पीक गेल्या सालापेक्षा चांगलं, आणि वजन चार क्विंटल कमी?"

बाबा उठले. ट्रॉली खाली उतरवून त्यांनी काट्यावरचा शून्य आकडा दाखवला, पुन्हा तोललं. आकडा तोच. "माझा काटा खोटा निघाला तर आज खुर्ची सोडतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज कापला. तो कापलेला तिने आजवर ऐकला नव्हता, आणि तिच्या डोक्यात सणक गेली.

"शेत किती लांब आहे?" तिने शेतकऱ्याला विचारलं.

"बघून काय करणार?"

"मोजणार."

स्कूटरवर मागे मामा बसला. भाचीकडून पाचच्या आत होकाराचा फोन करवून घ्यायचा, हा त्याचा हेतू उघड होता.

तोललेल्या पाच एकरांपलीकडच्या पट्ट्यातला गहू अजून उभा होता आणि हार्वेस्टर त्याच्यापाशी थांबलेलं. ड्रायव्हरने तोऱ्यात टाकीकडे बोट दाखवलं. "काडी सापडली तर बोला. असा स्वच्छ गहू दुसरं कुठलं मशीन देतं?"

गहू खरंच चकचकीत होता. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मीटरभर लांबीरुंदीची लोखंडी चौकट घेऊन ती मशीनच्या मागे गेली, कापलेल्या पट्ट्यात चौकट टाकली, भुसा बाजूला सारला आणि गुडघे टेकून दाणे वेचू लागली. अशा पाच जागा, आणि एक उभ्या पिकाखाली. तिसऱ्या जागेला मामाही खाली बसला. "चारशे ऐंशी... एक्क्याऐंशी... थांब, बोलू नकोस, चुकेल."

"चौकटीत सरासरी पाचशे दाणे," तिने उठत सांगितलं. "उभ्या पिकाखाली वीसच आहेत. बाकीचे मशीनने टाकलेत. एकरी ऐंशी किलोच्या आसपास. पाच एकरांचे किती झाले?"

शेतकऱ्याने मनाशी हिशेब केला आणि हातातली पावती पुन्हा वाचली. चार क्विंटल.

"खोट काट्यात नाही, मशीनच्या पंख्यात आहे. टाकीतला गहू साफ दिसावा म्हणून वारा इतका वाढवलाय की भुशाबरोबर दाणाही उडतोय."

"दहा वर्षं चालवतोय मी!" ड्रायव्हर उसळला.

"आणि दहा वर्षांत एकदाही खाली उतरून मागे बघितलं नाहीत."

तिने पंख्याचा वेग उतरवला, चाळणी थोडी उघडली, एक फेरी मारायला लावली. टाकीत थोडा भुसा आला. चौकटीत साठ दाणे. ड्रायव्हरने ते स्वतः वेचले आणि मूठ उघडून नुसता पाहत राहिला.

"दीड हजार," ती शेतकऱ्याला म्हणाली.

"एवढ्याशा कामाचे?"

"चार क्विंटल मातीत गेले तेव्हा घासाघीस केली नाहीत. आता कशाला करता?"

पावणेपाच झाले होते. मामाने फोन तिच्या हातात दिला. एकवीस हजार हा काही थट्टेचा आकडा नव्हता. तिने नंबर लावला. "नोकरी नको मला. आभारी आहे."

"वेडी झालीस? आज दीड हजार, उद्या काय?"

"उद्या दुसरं शेत. हंगाम संपला की दुरुस्त्या. कर्ज माझ्या शिक्षणाचं आहे ना मामा? मग ते त्याच शिक्षणावर फिटेल."

परत आल्यावर शेतकरी केबिनच्या दारात घुटमळला. "काटेवाले, बोललो ते चुकलं." त्याने नोटा बाबांपुढे धरल्या.

बाबांनी हात मागे घेतला. "तिच्या हातात द्या. काम तिचं आहे."

तो गेल्यावर त्यांनी विचारलं, "नोकरीचं?"

"नाही म्हणून कळवलं."

बाबांनी काट्याच्या आकड्याकडे पाहिलं. "उणे नऊशे अजून उणेच आहे."

"माहीत आहे."

त्यांनी तो कागद उचलला, उलटा केला आणि पावतीवरच्या आपल्या ठळक अक्षरात कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'मशीनमागे सांडणारं धान्य मोजून, मशीन नीट लावून मिळेल.' खाली तिचा नंबर. मग खिडकीच्या काचेवर तो चारी कोपऱ्यांनी चिकटवला.

अक्षरं बाहेर, गाडीवाल्यांना दिसतील अशी. आतल्या बाजूला, बाबांच्या खुर्चीसमोर, उणे नऊशे.