हार घातलेली बाज

मी बाज आहे, दोरीनं विणलेली खाट. कनेरगाव नाक्याजवळच्या एका लहानशा चर्चची बाज. बाजेनं गुमान पडून राहावं, लोकांनी बसावं, उठावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. पण माझ्या अंगावर झेंडूचे हार घालून जे केलं गेलं, ते मला अजून पचलेलं नाही. म्हणून बोलते.

मला नानीबाईनं करवून घेतलं. नानीबाई मिशनच्या दवाखान्यातली. औषधांची पिशवी खांद्याला लावून ती वस्त्यांवर पायी फिरायची. नाल्यापलीकडचा आजारी माणूस सडकेपर्यंत आणायचा कसा, ही तिची रोजची काळजी. तिनं सुताराला सांगितलं, "दांडे दोन्हीकडून हातभर लांब ठेव बाबा. चौघांच्या खांद्यावर बसले पाहिजेत."

म्हणून मी इतर बाजांसारखी नाही. झोपायला मला कुणी घेत नाही, येता-जाता दांडे लागतात. मी फक्त न्यायच्या कामाची.

चर्चच्या ओट्यावर भिंतीला टेकून मी उभी असायची. कुलूप नाही, विचारणं नाही. देवळाकडची माणसं नेत, मशिदीकडची नेत. एकच रीत होती. ज्या घरचा माणूस नेला, त्या घरानं माझी ढिली झालेली दोरी ताणायची, तुटली असेल तिथं आपल्या हातानं नवी विणायची आणि मग मला परत आणून उभी करायची. कुणी शेतातली अंबाडी वळून आणली, कुणी लुगड्याचा काठ पिळून घातला, कुणी हिरवी नायलॉनची दोरी. दिसायला मी अगदी बेढब झाले होते. पण माझ्या अंगावरची एकेक दोरी म्हणजे एकेक घर होतं.

सडक पक्की झाली, तिच्यावर अँब्युलन्स यायला लागली. नाल्यावर पूल काही झाला नाही. माझं काम सुटलं नाही.

मग चर्चला पंच्याहत्तर वर्षं झाली. स्वप्निल सर म्हणजे चर्चच्या मंडळीचे चिटणीस, शहरात शिकवतात. शहरातल्या मोठ्या मंडळीचे पाहुणे येणार म्हणून त्यांनी मला आत घेतलं. म्हणाले, "आपल्या सेवेची हीच तर खरी खूण. पण ह्या दोऱ्या बघा, कशा दिसून राहिल्या." आणि सगळ्या दोऱ्या कापल्या. सगळ्या! त्यांची आई बाळंतपणाला अडली तेव्हा माझ्यावरूनच नाला उतरली होती. त्यांच्या वडिलांनी विणलेला पट्टा पायथ्याला होता. तोही उकिरड्यावर गेला. मला पांढरी नवार, म्हणजे विकतची सुती पट्टी, चढली, पायांना पॉलिश झालं, पुढं पाटी लागली, 'कृपया हात लावू नये'.

जिला चार वस्त्यांचे हात लागले, तिला हात लावू नये!

कार्यक्रमाच्या दिवशी पाळकसाहेबांचं प्रवचन बायबलातल्या चार मित्रांवर होतं. लुळ्या मित्राला बाजेवर घालून प्रभूकडे आणणारे, दारात गर्दी पाहून घराचं छप्पर उसवणारे ते चौघे. साहेब बोलायचे छान. माझ्याकडे बोट करून सांगत होते. तेवढ्यात दारात नाल्यापलीकडचा जमील येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल. स्वप्निल सर लगबगीनं त्याच्याजवळ गेले.

"सर, अम्मी पडली. मांडीचं हाड गेलं दिसतं. बाज द्या."

"आज कशी देऊ, जमील? पाहुणे बसलेत. तासाभरात सगळं उरकतं."

"तिला लई तकलीफ होऊन राहिली, सर."

"दुसरी एखादी बाज बघ ना गावात."

"दुसरीला दांडे कुठायत?"

"तासाभराचा तर प्रश्न आहे," सर म्हणाले आणि दार हळूच लोटून घेतलं.

आत साहेब सांगत होते, त्या चौघांनी छप्पर उसवलं. आणि इथं उघडं दार लावून घेतलं होतं! मला उठता आलं असतं, तर हारांसकट मी नाल्याकडे निघाले असते.

जमीलची अम्मी म्हणजे अमीरबी. तिला गोधडीत घालून चार कोपरे धरून आणलं. नाल्यात एकाचा पाय घसरला, कोपरा सुटला. एका जागी मोडलेलं हाड दोन जागी मोडलं.

गोजरबाई मंडळीतली सगळ्यात म्हातारी. त्या दिवशी ती मागं पाहुण्यांचा स्वयंपाक करत होती, तिला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी नळावर कळलं, तशी ती तरातरा चर्चमध्ये आली.

"काहून न्हाई दिली रे बाज?"

"गोजरमावशी, कार्यक्रम चालू होता."

"कार्यक्रम! तूच बस हिच्यावर. तुलाच हार घालते. तुझ्या मायच्या येळंला कार्यक्रम असता म्हंजे?"

सर खाली बघत म्हणाले, "बाज हलवायची तर कमिटीला विचारावं लागंल."

"इचार. आमी तवर नाला उतरतो."

तिनं हार ओरबाडले. तीन बाया बोलावल्या. चौघींनी मला खांद्यावर घेतलं. इतकी वर्षं मी माणसं वाहिली, त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणाला आणायला नव्हे, नुसतीच मिरवत नाल्यापलीकडे अमीरबीच्या ओसरीवर गेले. लाजेनं मेल्यासारखं झालं.

अमीरबी दवाखान्यातून परतली ती काठी घेऊन. आता नीट चालता येणार नाही म्हणतात. मला ओसरीवर पाहून तिनं पांढऱ्या नवारेवर हात फिरवला.

"जमील, अंबाडी आण रे. ह्या पट्टीत मानूस बसला तर खाली जाईल."

"अम्मी, तुला तर ह्या बाजेनं नेलंच नाही. तू कशाला विणतीस?"

"मला न्हाई नेलं. दुसऱ्याला तर नेईल."

ओसरीत बसून, दुखरा पाय लांब करून ती दोरी वळते. गोजरबाई नाला उतरून येते आणि दुसरं टोक धरते. दोघी मिळून सरांना अशा काही शिव्या घालतात की मला ऐकून बरं वाटतं.

चर्चमध्ये ती पाटी अजून आहे म्हणे. रिकाम्या जागेपुढं. राहू द्या.

तुमच्या घरी कुणी पडलं-झडलं तर त्या पाटीकडं जाऊ नका. चावी कुणाकडे आहे, तेही विचारू नका. मी नाल्यापलीकडे अमीरबीच्या ओसरीवर आहे. दोरी घट्ट आहे. चौघं घेऊन या.