दोघींचा राजीनामा

"लाकडांच्या खोलीची किल्ली ठेव आणि नीघ," कारभारी पेल्तिए होनोराला म्हणाला, आणि झेलीच्या हातातली राखेची बादली दाणकन जमिनीवर आली.

कारण काय, तर इंग्रज मुख्यमंत्र्यांच्या दौतीतली शाई गोठली! क्वेबेकच्या जानेवारीत शेगडी पेटली नाही तर शाई काय, माणूसही गोठतो. होनोराचं पोर रात्रभर खोकून निळं पडलं होतं, म्हणून तिला उशीर झाला.

होनोराकडे इंग्रज मुख्यमंत्र्यांचं दालन, झेलीकडे फ्रेंच मुख्यमंत्र्यांचं. वसाहतीचे भाग दोन, एक इंग्रजांचा, एक फ्रेंचांचा, म्हणून मुख्यमंत्री दोन, दालनं दोन, झाडणाऱ्या दोन. लाकूडसुद्धा निम्मं निम्मं. सकाळी झेली आपल्यातले दोन ओंडके घेऊन पलीकडे निघाली, तर याच पेल्तिएने दारात हात आडवा घातला. फ्रेंच वाट्याचं लाकूड इंग्रज शेगडीत जाणार नाही, म्हणे.

"लाकूड तुम्ही अडवलंत, साहेब."

"तुझी शेगडी पेटली ना? मग गप बस."

झेलीचं डोकं भणभणलं. गेल्या वसंतात सभागृहात इंग्रज मुख्यमंत्र्यांचं बहुमत गेलं. फ्रेंच साहेबांचं शाबूत होतं, तरी ते उठले आणि म्हणाले, बरोबर आलो, बरोबरच जाणार. काय टाळ्या पडल्या! दाराआड उभ्या झेलीनेसुद्धा डोळे पुसले होते. तेव्हा त्याला इमान म्हणायचं, आणि आज गप बसायचं?

"मग मीही चालले," ती म्हणाली.

पेल्तिए पोट धरून हसला. "तू काय मुख्यमंत्री आहेस? त्यांना गव्हर्नरसाहेबांनी चार दिवसांत परत बोलावलं. तुला कोण बोलावणार, बाई?"

कुणीच नाही. ते झेलीला पक्कं ठाऊक होतं. घरी अंथरुणाला खिळलेला बाप होता आणि अख्खा हिवाळा जायचा होता.

"वेडी आहेस का गं?" होनोरा फिसकारली. "एकीची तरी चूल पेटू दे. माझ्यावर उपकार नकोत तुझे."

"तुझ्यासाठी कोण करतंय? तोंड बघ आधी."

झेलीने पाठीमागे हात नेऊन ॲप्रनची गाठ ओढली. रागाच्या भरात इतका हिसका दिला की गाठ आणखीच आवळली. तिने पुन्हा ओढली. पेल्तिए बघत उभा होता.

शेवटी होनोरा तिच्या मागे गेली, गुडघ्यांवर बसली, आणि आयरिश शिव्या पुटपुटत ती गाठ दातांनी सोडवू लागली.