पडवळाचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. जुना म्हटल्यावर तुम्ही लगेच किल्ल्याचा तट डोळ्यांपुढे आणाल, म्हणून आधीच सांगतो: मी लिंबाएवढा आहे आणि पडवळाला बांधायच्या कामी होतो. पडवळ वाढताना वेटोळे घालते. त्याच्या टोकाला सुतळीने माझ्यासारखा दगड बांधला, की ते निमूट सरळ लोंबते.

पेशवाईच्या उतरत्या काळात नारायण पेठेत श्रीनिवासपंत नावाचे कारकून राहत. त्यांनी मला मुठेच्या वाळूतून निवडून आणले. घरामागे त्यांची छोटीशी परसबाग होती. न्हाणीचे पाणी अळवाला जाई, तिथून उरलेले वांग्यांना. दफ्तरात जाण्यापूर्वी पंत प्रत्येक पडवळ वितीने मापत. एखादे चार बोटे वाढलेले दिसले, की त्या दिवशी ते कोणावर खेकसत नसत. त्यांच्या पत्नी मथुराबाई कोवळा घेवडा ओच्यात तोडत आणि दोन शेंगा तिथेच कच्च्या खात. कोणी पाहत नाही असे त्यांना वाटे. मी पाहत असे.

मी मात्र कधीच स्वस्थ नव्हतो. वारा आला की झुलायचो, चिमणी बसली की झुलायचो. "काय सरळ पडवळं हो तुमची!" असे शेजारी म्हणत, आणि पंत ते सगळे कौतुक स्वतःकडेच ठेवून घेत.

एका वर्षी आश्विनात शहरावर फौज चालून येत असल्याची बातमी आली. लोक गाड्या भरू लागले. दही विकायला येणाऱ्या सोजरबाईंनी धायरीला आपल्या घरी जागा देऊ केली, आणि पंतांचे दुसऱ्याच दिवशी निघायचे ठरले. वेलीवर तेव्हा एकच पडवळ होते, बियाण्यासाठी राखलेले. मथुराबाईंनी माहेराहून आणलेल्या वाणाचे तेवढेच उरले होते. ते वेलीवर लाल होऊन पिकले तरच पुढल्या वर्षी वेल. हिरवे तोडले तर बी फुकट. आणि त्यालाही मी बांधलेलाच होतो. सरळ पडवळाचेच बी सरळ निघते, असे पंतांचे ठाम मत होते.

सोजरबाईंनी देठ पाहिला. "बाई, ह्यो देठ फाटाया लागलाय. बियाचं पडवळ हाय न्हवं? मग धोंडा कशापायी?"

ते ऐकल्यापासून मी हलायचे नाही असे ठरवले. दगडाला हे सोपे असेल असे तुम्हाला वाटेल. टांगलेल्या दगडाला नसते. वारा होताच, शिवाय गाड्यांच्या खडखडाटाने मांडव थरथरत होता. मी झुललो की देठ करकरे.

"अहो, सोडते मी तो दगड," मथुराबाई म्हणाल्या.

"आणखी वीतभर सरळ होऊ दे."

"फौज येतेय!"

"म्हणून काय वाकडं पडवळ खायचं?"

"खायचं नाहीच आहे ते. पेरायचंय. तुम्ही आपली गाडी भरा." आणि त्यांनी खुरप्याने सुतळी कापली.

मी चिखलात पडलो. पंतांनी गाडी भरली.

पुढचे सोळा दिवस मी जमिनीवर होतो. आयुष्यात पहिल्यांदाच स्थिर, पण एवढी तगमग मी झुलतानाही सोसली नव्हती. घोडे आले, माणसे आली. वांगी गेली. मांडवाचे तीन खांब चुलीत गेले. दोघांनी अळू कच्चेच चावले. ते पुन्हा आले नाहीत. एकाने पडवळाला हात घातला. त्याचे वळलेले, पिवळे पडलेले टोक पाहिले आणि "किडकं दिसतंय" म्हणून सोडून दिले.

मग घरची माणसे परतली. मथुराबाई घरात न शिरता थेट मागे आल्या. उरलेल्या चौथ्या खांबावर ते लोंबत होते, लालभडक, टोकाशी आकड्यासारखे वळलेले.

पंतांनी बराच वेळ पाहिले. "वाकडंच झालं."

"हो. म्हणून राहिलं."

 पंतांनी पडवळाखाली दोन्ही हात धरले आणि मथुराबाईंनी देठ खुडला.

मला कोणी उचलले नाही. पुढल्या पावसाळ्यात वेल चढली. पंतांनी नवे दगड आणले आणि माझ्या शेजारीच उभे राहून ते बांधले. तेव्हापासून मी मातीत आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे पडवळ असेल तर दगड जरूर बांधा. सरळ पडवळ चिरायला सोपे जाते, यात पंतांचे काही चुकले नव्हते. पण बांधाल त्याच दिवशी, तो सोडायचा कधी, हेही ठरवा. आम्हाला आपले आपण सुटता येत नाही.