बदलीचा आजारी

लोणावळ्याच्या डॉक्टरने भामाबाईच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि मग तिच्याशी न बोलता तिच्या नवऱ्याशी, सखारामशी बोलायला लागला. त्यावरूनच सखाराम काय ते समजला. जन्मभर चुलीचा धूर गिळून बाईची फुफ्फुसं अधू झाली होती. ती पहिल्यासारखी होणार नव्हती, पण जपलं तर चालणार होती.

"घरात सर्दी-खोकला येऊ द्यायचा नाही," डॉक्टर म्हणाला. "तुमची-आमची साधी सर्दी हिला न्यायला पुरेशी आहे. खोकणारा माणूस जवळ बसवू नका. हात साबणाने धुवून मगच तिच्या ताटाला लावा. चूल बंद करा. एवढा हिवाळा निघाला की पुढचं बघू."

सखारामने साबण घेतला, रॉकेलचा स्टो घेतला आणि दोघं एसटीने बेडशाला परतली.

चूल बंद करणं सोपं होतं. माणसं बंद करणं अवघड. गावाची रीत अशी, की आजारी माणूस दवाखान्यातून आला की घरटी एकाने तरी भेटून जायचं. जो येत नाही त्याच्या मनात काहीतरी आहे असं धरायचं. आणि भेटायचं म्हणजे दारातून विचारायचं नाही. उशाशी बसायचं, तोंडावरून हात फिरवायचा आणि आपल्याकडचं कोण कोण याच दुखण्याने गेलं ते सांगायचं.

पहिल्यांदा चुलतभाऊ दत्तोबा आला. तो खोकतच आला.

"दत्तोबा, तू वट्यावर बस."

"का रं? परका हाय का मी?"

"डाक्टर म्हनला, खोकनारा मानूस जवळ नको."

"मी कुटं खोकतो?" दत्तोबा म्हणाला आणि खोकला. "ह्यो खोकला न्हाई. ह्यो माझा रोजचाच हाय."

त्याच्यामागून शेजारची शकुबाई आली. तिने नाक पुसलं आणि त्याच हाताने भामाबाईचं तोंड कुरवाळलं.

दोन दिवसांत भामाबाईला धाप लागली. पोटाशी उशी धरून ती ओणवी बसून राहायची. बोलायला श्वास पुरेना, म्हणून बोटाने पाणी मागायची. सखारामला काही करता येत नव्हतं. तो नुसता तिच्या पाठीला हात लावून बसायचा. त्यातून ती उठली, पण पुढच्या वेळी उठणार नाही हे त्याला कळलं.

त्याने खूप विचार केला. एकच आजार असा, की त्याच्या घरात गाव पाय टाकत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला.

"आमच्यात देवी आल्यात," त्याने शकुबाईला लांबूनच सांगितलं.

लोक गल्लीच्या तोंडातूनच परत फिरायला लागले. सखारामला वाटलं, जमलं.

पण एक गोष्ट तो विसरला होता. देवीच्या आजाऱ्याला कोणी भेटत नाही, पण खुद्द देवी गावात आल्यावर तिला भेटायला नको का? मंगळवारी आळीतल्या बाया डोक्यावरून न्हाऊन, ओलेत्याने, घागरी आणि दहीभात घेऊन अंगणात आल्या. डिसेंबरचं वारं सुटलेलं. घटकाभरात सगळं अंगण शिंकायला लागलं. शकुबाईच्या अंगात आलं.

"लय वर्सांनी आले म्या हितं," ती घुमत म्हणाली आणि सटकन शिंकली.

"आई, तुला सर्दी झाली व्हय?" म्हाताऱ्या अंबूबाईने हात जोडून विचारलं.

"गप. वारं लय हाय हितं."

एवढ्यात सायकलवरून देवी टोचणारा आला. धरणाच्या कामावरचे मजूर टोचून झाले होते आणि ही बातमी त्याला तिथेच लागली होती. त्याचंही नाक वाहत होतं.

"पेशंट कुठे आहे?" म्हणत तो सरळ घरात निघाला.

सखाराम दारात आडवा झाला. "पेशंट मीच हाय."

टोचणाऱ्याने त्याला सदरा काढायला लावला, उन्हात उलटसुलट फिरवून पाहिलं. "अंगावर एक पुळी नाही. यांना देवी नाहीत."

शकुबाईचं घुमणं मध्येच थांबलं. सगळ्यांनी सखारामकडे पाहिलं. देवीच्या नावाने खोटं बोलला हे कळलं, तर गाव घरात घुसून जाब विचारणार होतं. तो खोकला. लोक अजून बघतच होते, म्हणून आणखी मोठ्याने खोकला.

"दमा," दत्तोबा खुशीत म्हणाला. "वैनीचा ह्याला लागला. तरी मी म्हनतच हुतो."

सगळ्यांना ते पटलं. टोचणाऱ्याने समोर सापडेल त्याला टोचलं आणि तो गेला. दत्तोबाने सखारामला गोठ्यात बाज टाकून दिली.

त्या दिवसापासून भामाबाईकडे कोणी फिरकलं नाही. घरात कर्ता पुरुष अंथरूण धरून असताना बायकोच्या दुखण्याला कोण विचारतो? गाव गोठ्यात यायचं, सखारामच्या उशाशी बसायचं, त्याचं तोंड कुरवाळायचं. अडुळशाचे काढे पाजायचं आणि त्याच्या अंगावर खोकून जायचं. आठवड्यात त्याला खरोखरच सर्दी झाली. ती बरी होतेय तोवर दुसरी कोणीतरी आणून दिली. मग त्यालाच घरात जाता येईना.

भामाबाई स्टोवर भाकरी करायची, ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची. तो यायचा, ताट उचलायचा, जेवून साबणाने घासून पालथं ठेवायचा.

जानेवारीत एके दुपारी तो बंद दाराला पाठ लावून बसला होता.

"आज दम कसा हाय?" त्याने विचारलं.

"चांगला हाय. झाडून काडलं सगळं घर. तुमचा?"

"नाक चोंदलंय."

आत भामाबाई हसली. हसून तिला धाप लागली नाही, हे त्याने कान देऊन ऐकलं.

"आत या की आता," ती म्हणाली. "किती दिस झालं, जवळ बसला न्हाई."

"सर्दी जाऊ दे."

"ती कशानं जाती? रोज ताजी आनून देत्यात लोकं."

घोंगडं ओढल्याचा आवाज झाला आणि दाराच्या पलीकडून तिची पाठ फळीला टेकली. फळी जरा हलली. त्याने तोंड अंगणाकडे वळवलं, म्हणजे श्वास फटीतून आत जाणार नाही.

दोघं तशीच बसून राहिली. मग गल्लीत अंबूबाई काढ्याचा तांब्या घेऊन खोकत येताना दिसली. सखाराम उठला, गोठ्यात जाऊन आडवा झाला आणि कण्हायला लागला.