बाबांचा सांधा

गाडी जेमतेम वीतभर, पण तिच्या रंगावरून चष्मेवाला आणि त्याची धाकटी बहीण पंचेचाळीस वर्षं भांडत होते. तो म्हणे, पहिल्यापासून निळी. ती म्हणे, आधी पिवळी होती, निळी मागाहून झाली. आता होती मळकट पांढरी, कारण कॉलेजात असताना चष्मेवाल्याने स्वतःच तिच्यावर पांढरा रंग फासून हात साफ करून घेतला होता. म्हणजे पुरावा दोघांकडेही शून्य. पण घरचे विश्वास कुणावर ठेवणार? भाऊ पडला चष्मे करणारा, केसाएवढा फरक टिपणारा. आणि बहिणीला तर घरात नावच आपटबाई.

ते नाव कसं पडलं तेही सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बाबा होते सुतार. त्यांना कुणीतरी एक खोका दिला, आत प्लास्टिकचे सुटे भाग आणि ते जोडायचा डिंक. कापायचे, जोडायचे, रंगवायचे, की झाली गाडी. बाबांनी रोज जेवण झाल्यावर तासभर बसून ती केली आणि कपाटावर ठेवली. धाकटी तेव्हा सहा वर्षांची. खुर्चीवर चढली, गाडी छपराला धरून उचलली, आणि छप्पर पुढून सुटून गाडी खाली फरशीवर. आवाज ऐकून दादा धावत आला, वय वर्षं दहा. "आपटली! हिने आपटली!" ती रडून रडून सांगत होती, "मी नुसती उचलली." पण ऐकतो कोण? बाबांनी जोडलेल्या खुर्चीवर हत्ती बसला तरी ती कुरकुरणार नाही, असं गिऱ्हाइकंच म्हणायची. बाबांचा सांधा सुटत नसतो. मग सुटला कसा? पोरीने आपटली. झालं, निकाल लागला. बाबा एक अक्षर बोलले नाहीत. गाडी आपल्या कारखान्यात घेऊन गेले आणि चार दिवसांनी जोडून, रंगवून परत आणली. आपटबाई हे नाव ठेवलं दादाने, आणि ते असं चिकटलं की आलेगेले पाहुणेही तिला त्याच नावाने हाक मारायला लागले.

ती मोठी होऊन कापडाच्या दुकानात लागली. "कापड पडलं तर फुटत नाही," असं स्वतःच हसत सांगायची. तिच्या घरात पेलेसुद्धा सगळे स्टीलचे.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. चष्मेवाला दुकानामागच्या खोलीत स्वतःच्या हौशीने असल्याच गाड्या जोडत बसायचा. गिऱ्हाईक आलं की बायको काउंटरवरून हाक मारी, "अहो, गाडी लावा आणि बाहेर या!" एका सोमवारी सकाळी त्याच्या मनाने घेतलं की या रंगाचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. लगेच बहिणीला फोन.

"तुझी पिवळी आज उघडी पाडतो."

"पाड की. हात दाखवून अवलक्षण करून घेशील."

जुना रंग काढणं म्हणजे घासून टाकणं नव्हे. थिनर लावला तर रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळतं. एक लाल बस त्याने तशी घालवली होती आणि आठवडाभर कुणाशी धड बोलला नव्हता. तेव्हापासून त्याची पद्धत ठरलेली. झाकणाचा डबा, त्यात ब्रेक ऑइल, हातात मोजे. आधी गाडीच्या पोटाला थेंबभर लावून बघायचं, प्लास्टिक ठीक राहिलं तर अख्खी बुडवायची आणि हात बांधून बसायचं. हे बसणंच त्याला जमत नसे. दर तासाला झाकण उघडून डोकावायचा. बायको म्हणाली, "दूध आहे का ते, उतू जायला?"

दुसऱ्या दिवशी पांढऱ्याला सुरकुत्या पडल्या. जुन्या टूथब्रशने हलकेच घासलं तशी त्याची सालं निघाली आणि खालून आला निळा. चष्मेवाला एकटाच खुर्चीत मोठ्याने हसला. निळीच! फोन उचलणार, तेवढ्यात दाराच्या फटीत काहीतरी दिसलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं. निळ्याच्या खाली, फटीत दडून बसलेला, हळदीसारखा पिवळा.

त्याने दुसरं दार पाहिलं. तिथेही पिवळा. डिकीच्या कडेला पिवळा. घासून घासून त्याने निळा सगळा काढला आणि त्याच्या तळहातावर पिवळीधमक गाडी उभी राहिली. दहा वर्षांचा असताना आपल्याला डोळे होते की शर्टाची बटणं, हेच त्याला कळेना.

आता खरं तर इथेच थांबायचं. हार कबूल करायची, बहिणीकडून चिडवून घ्यायचं, विषय संपला. पण चष्मेवाल्याला चैन कुठली! ती रंगाचं खरं बोलत होती, तर आणखी कशाकशाचं खरं बोलत असेल? हा किडा एकदा डोक्यात शिरला तो निघेना.

ब्रेक ऑइल उतरवायला त्याने गाडी साबणाच्या गरम पाण्यात टाकली आणि चहा प्यायला गेला. परत येऊन बघतो तर छप्पर मागून उघडलेलं. छपराला चार खांब होते. पुढचे दोन घट्ट, मागचे दोन आपोआप सुटून पाण्यात पडलेले. कुणी हातही लावला नव्हता. सुटलेल्या टोकांना तपकिरी, बुळबुळीत काहीतरी होतं. त्याने ते नाकाशी नेलं आणि त्याला एकदम बाबांचा कारखाना आठवला, स्टोव्हवरचं ते काळं भांडं, तो उग्र वास.

सरस. लाकूड जोडायचा सरस!

खोक्यात आलेला डिंक प्लास्टिक जरासं वितळवतो आणि दोन तुकड्यांचा एक करतो. सरस लाकडात मुरतो म्हणून धरतो. प्लास्टिकवर तो नुसता वर बसून राहतो, पाहुण्यासारखा, कधीही उठून जाईल असा. ही चूक एखादा कारकून किंवा मास्तर करणार नाही, तो मुकाट्याने खोक्यातला डिंक वापरेल. ही चूक सुतारच करणार, ज्याचा जन्मभर सरसावर भरवसा.

म्हणजे धाकटीने आपटली नव्हती. कुणीही उचलली असती तरी छप्पर सुटलंच असतं.

त्याने पुढच्या दोन खांबांना भिंग लावलं. तिथे सरस नव्हता. तिथे खोक्यातला डिंक होता, पिवळ्या रंगावर ओघळून वाळलेला, आणि त्या ओघळावर अजून निळ्याचे कण. पिवळ्यावर डिंक, डिंकावर निळा. म्हणजे गाडी पडल्यानंतर, निळा द्यायच्या आधी, बाबांनी सुटलेले दोन खांब पुन्हा जोडले होते, आणि या वेळी सरसाला हात लावला नव्हता. का नव्हता? कारण आपलं काय चुकलं ते त्यांना कळलं होतं. कळलं होतं आणि घरी येऊन ते गप्प बसले होते. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि तीही सहा वर्षांच्या पोरीला!

त्याला बाबांचा राग आला, आणि मेलेल्या माणसाचा राग आला म्हणून लाजही वाटली.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "आता सांगून काय मिळणार? वन्संचा बाबांवर किती जीव होता! उरलेलंही काढून घेणार का त्यांच्याकडून?"

"आणि नाव? ते तसंच ठेवू?"

"ते मी कसं सांगू? नाव तुम्ही ठेवलंत."

दुपारी दुकान बायकोवर टाकून तो निघाला. सुटलेले खांब चष्म्याच्या केसमध्ये ठेवले होते. कापडाच्या दुकानात त्या वेळी गर्दी नसे. बहीण काउंटरवर ठाण गुंडाळत होती.

"पिवळी," तो म्हणाला. "तू जिंकलीस."

तिने टाळीच वाजवली. "बघ! सांगत होते की नाही!" मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबली. "दादा, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. रंगासाठी तू भर दुपारी दुकान सोडून येणार नाहीस. काय झालंय?"

त्याने केस उघडून तिच्यापुढे सरकवली. तिने खांब उचलून वास घेतला. सुताराचीच लेक ती, सरस म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही. बाकीचं त्याने सांगितलं, मागचे खांब, पुढचे खांब, पिवळ्यावरचा डिंक, त्यावरचा निळा. मध्ये एक बाई अस्तराचं कापड मागायला आली, तिला ते मोजून, कापून दिलं, आणि मग बहिणीने विचारलं, "म्हणजे बाबांना ठाऊक होतं?"

"हो."

"तेव्हापासून?"

"त्याच आठवड्यापासून."

तिने ठाण पुन्हा उलगडलं आणि पुन्हा गुंडाळायला घेतलं. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"तुझी लेक दवाखान्यातून घरी आली, तो दिवस आठवतो तुला? वहिनी तिला माझ्याकडे देत होती. मी हात पुढे केले होते. तू म्हणालास, 'अगं, आपटबाईच्या हातात नको!' सगळे हसले. मीही हसले. आणि हात मागे घेतले. ती चालायला लागेपर्यंत मी तिला एकदाही उचललं नाही, दादा. ती हात वर करून माझ्यासमोर उभी राहायची, आणि मी खाली बसायचे."

चष्मेवाल्याला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. त्याला वाटत आलं होतं की आत्याला मुलांची हौसच नाही. बायकोजवळ तो तसं बोललाही होता, एकदा नव्हे, दहादा.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "फार चुकलं. पण खरं सांगतो, बाबाच गप्प राहिले, तर दहा वर्षांच्या पोराला काय कळणार होतं?"

"दहा वर्षांच्या पोराचं मी केव्हाच सोडून दिलंय," ती म्हणाली. "लेक झाली तेव्हा तू तीस वर्षांचा होतास."