फुगोबाचं गाठोडं

"आधी पोटावरून हात फिरव. मग तोंड उघडतो तो," आतल्या खोलीतून हुकूम आला.

"फिरवतेय! मेल्याला गोंजारायचं तरी किती?" बाईंच्या एका हातात कोटाची तुटकी चेन होती आणि दुसऱ्या हाताचं बोट टॅबच्या काचेवर गोल गोल फिरत होतं.

काचेआड फुगोबा बसला होता. जांभळा, पावासारखा गुबगुबीत, कान पायांपर्यंत लोंबणारे, तोंडात एकच दात. खेळातलाच प्राणी तो, पण नखरे रुसून बसलेल्या जावयाचे. पोट चोळल्याशिवाय खायचं नाही. धूळ उडाली की शिंकायचं. अंधार झाला की रडायचं. दुर्लक्ष झालं की आणखी फुगून पाठ फिरवायची. तरी कुणी विचारलं नाही, तर फडक्यात आपला चेंडू नि वाटी बांधायची आणि ते गाठोडं घेऊन दारात जाऊन बसायचं. तिथूनही कुणी आत आणलं नाही, तर साहेब चालू लागणार, ते कायमचेच.

"हा उद्योग ज्यानं शोधून काढला ना, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा," बाई म्हणाल्या. फुगोबानं ढेकर दिली.

लिफ्टवाले, म्हणजे बाईंचे यजमान, जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत आले. कुठं कुणी अडकलं की भरल्या ताटावरून उठून पळायचे. पोरगा चालायला कधी लागला, त्याला गोवर कधी आला, काही पत्ता नाही. आणि आता निवृत्त झाल्यावर हाच माणूस एका जांभळ्या गोळ्याला वेळेवर भरवत होता! मुलगा बायको-पोरीला घेऊन परदेशी गेला, तेव्हा नातीनं जुना टॅब आजोबांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मी येईपर्यंत सांभाळा हं याला." झालं! तेव्हापासून घरात तिसरं माणूस आलं. बाईंनी कुरकुर केली की लिफ्टवाले म्हणायचे, "तिची ठेव आहे ती. न्यायला तरी येईलच की." मग बाई वाद घालत नसत, नुसतं शिवणाचं मशीन जोरात मारत.

त्यात काल लिफ्टवाल्यांचा मोतीबिंदू काढला. पडद्याकडे बघायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. म्हणजे फुगोबा आला बाईंच्या गळ्यात. शिवणकाम काय, आपोआपच होतं!

कोट आज द्यायचा होता, गिऱ्हाईक संध्याकाळी प्रवासाला निघणार होतं. अस्तराला धक्का न लावता जुनी चेन उसवायची, नवी टाचायची, दोन्ही बाजू सारख्या येतात का बघायच्या. बाईंचं डोकं त्यात बुडालं. दुपार कधी कलली कळलंच नाही. टॅबमधून 'टुंई' असा केविलवाणा आवाज आला तेव्हा त्यांनी मान वर केली. फुगोबा दारात बसला होता. शेजारी गाठोडं.

"अगं बाई गं!" बाईंनी पोट चोळून पाहिलं, खाऊ पुढं केला. ढिम्म. शेवटी नातीला फोन लावला.

"आजी? आजोबा बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय! तुझा फुगोबा गाठोडं बांधून बसलाय."

"कोण? अय्या, तो अजून आहे? आजी, मी तो गेम केव्हाच सोडला. आता कुणीच खेळत नाही तो. जाऊ दे ना त्याला. नाहीतर काढूनच टाक."

बाईंची नजर गाठोड्यावर गेली. "आणि ठेवायचाच असला तर?"

"मग पाठीवर बोट ठेवून बसायचं. गाठ सुटेपर्यंत उचलायचं नाही, उचललं की पहिल्यापासून. जाम वेळ लागतो. आजी, ठेवू का? क्लास आहे."

"सुट्टीत येताय ना?"

"बघू गं. बाबा म्हणतात, यंदा नाही जमणार."

फोन ठेवला आणि बाईंच्या मनात आलं, चला, सुटले! एवढं यांच्या कानावर घालायचं की कटकट संपली. सांगायला त्या वळल्या, तर लिफ्टवाले डोळ्यावर पट्टी घेऊन चौकटीला धरून उभे.

"तिचाच फोन ना? फुगोबाचं विचारलं का तिनं?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पट्टी नसलेला डोळा लहान मुलासारखा लुकलुकत होता.

"विचारलं की," बाई म्हणाल्या. "आधी त्याचंच विचारलं. वाळला तर नाही ना, म्हणाली."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" लिफ्टवाले चाचपडत खुर्चीवर बसले. "पण आवाज ऐकला मी. गाठोडं बांधलं ना त्यानं?"

"बांधलं!" बाईंनी फुगोबाच्या पाठीवर बोट टेकवलं. "एक वेळ खायला उशीर झाला तर लगेच बांधलं. बरंय त्याचं. मी बांधलं होतं तेव्हा तुमच्या लक्षात तरी आलं होतं का?"

तेव्हा पोरगा तापानं फणफणला होता आणि हे कुठल्याशा लिफ्टच्या खड्ड्यात. बाईंनी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. हे आले, पिशवीकडे पाहिलं, हात धुतले आणि म्हणाले, "माहेरी निघालीस? येताना टॉर्चचे सेल आण. संपलेत." बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पोराला घेऊन त्या गेल्या, आणि ताप उतरल्यावर सेल घेऊन परत आल्या.

"आलं होतं," लिफ्टवाले म्हणाले.

"काय?"

"लक्षात. टॉर्चमध्ये नवे सेल होते, आदल्याच दिवशी घातलेले. जाऊ नकोस म्हणायला मला तोंड कुठं होतं? म्हटलं, काहीतरी आणायला सांगावं. म्हणजे यावं लागतं माणसाला."

"अहो, मग हे तेव्हा नाही का सांगायचं!" बाई ओरडल्याच. इतकी वर्षं मनात धुमसलेला राग, आणि हा माणूस आता सांगतोय! टॅब उचलून त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला, पण बोट उचलायची सोय नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण एका हातात टॅब नि दुसऱ्याचं बोट काचेवर, तेही पुसता येईना.

दार वाजलं. "बाई, झाला का कोट?"

"नाही झाला. बसा जरा बाहेर."

"अहो, पण मला निघायचंय..."

"बसा म्हटलं ना!"

गिऱ्हाईक दारात असताना बाईंचं मशीन आजवर कधी थांबलं नव्हतं. लिफ्टवाल्यांनी हात पुढं करून बाईंचा खांदा शोधला.

"सुटतंय का गं?"

"सुटतंय हळूहळू."

"उचलू नकोस हं बोट. सुट्टीत येईलच ती न्यायला."

फडक्याचं एक टोक सैल झालं होतं, दुसरं अजून घट्ट होतं.

"येईल की," बाई म्हणाल्या. "तोवर खाऊन-पिऊन धडधाकट राहायला नको का त्यानं?" आणि सुया टोचून टोचून बधिर झालेलं बोट त्यांनी काचेवर तसंच टेकवून ठेवलं.