वीतभर अभ्यास

मित्रांनो, दारातून कधीच आत न आलेली आणि तरीही घरात असलेली वस्तू तुम्ही पाहिली आहे का? ती मी. मी एक जुनी कणगी आहे. भात साठवायची, बांबूची, शेणामातीने सारवलेली. कुंभिवलीजवळच्या एका वस्तीत, श्रीपतच्या माजघरात, कोंडाजी नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने मला बसल्या जागी विणले. डोंगराच्या अंगाचा बांबू त्याने स्वतः निवडून आणला, चार दिवस त्याच्या पट्ट्या काढल्या, आणि मी उभी राहिले ती अशी पोट सुटलेली, की घराचे दार माझ्यापुढे लहान पडले.

श्रीपतची बायको मालनबाई काळजीत पडली. "कोंडाजीबाबा, ही आता भाईर कशी न्यायाची?"

कोंडाजीने विडी शिलगावली. "कशाला न्यायाची? लेक हाय का ती, सासरी धाडायला?"

हे एकोणीसशे अठ्ठावन्न साल. त्याच वर्षी त्या घरात खरीखुरी लेकही जन्मली. तिचे नाव यशोधरा ठेवले. म्हणजे आम्ही दोघी एका वयाच्या. ती रांगू लागली तेव्हा मला धरून उभी राहिली. माझ्या तळाशी भात काढायला एक भोक आहे, त्याला चिंध्यांचा बोळा असतो. तो बोळा उपसून सगळ्या माजघरभर भात सांडायचे, हा तिचा लहानपणचा उद्योग. मार तिने खायचा आणि रिकामी मी व्हायचे.

शाळेत जायला लागल्यावर यशोधरा माझ्याच पाठीला पाठ लावून अभ्यासाला बसे. अभ्यास म्हणजे काय, ते मला तिथेच कळले. अभ्यास म्हणजे ओरडणे. पुस्तक उघडायचे आणि खणखणीत आवाजात वाचत सुटायचे. आमच्या वस्तीत अभ्यास कानाने मोजत. मालनबाईला अक्षर येत नव्हते, पण चुलीपाशी भाकरी थापताना तिचा एक कान माजघरात असे. आवाज चालू आहे तोवर पोर अभ्यास करते आहे. आवाज थांबला की लगेच, "यशे, गप का झालीस गं?"

आवाज मात्र पोरीचा असा, की शेजारची ठकूबाई आपल्या सुंदराला दारात उभी करून सांगे, "आईक, आईक कशी वाचते ती." सुंदरा यशोधरेपेक्षा दोन वर्षांनी लहान. ती बिचारी नाक ओढत ऐकायची.

गावच्या शाळेत सातवीपर्यंत यशोधरा पहिली. मग श्रीपतने वस्तीतल्या चार जाणत्या माणसांचे बोलणे ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि तिला खालापूरच्या हायस्कुलात आठवीत घातले. आमच्या वस्तीतून सातवीच्या पुढे गेलेली ती पहिली मुलगी. पहिल्या दिवशी ती नवी वही छातीशी धरून निघाली, तेव्हा मालनबाई रस्त्याच्या वळणापर्यंत तिच्यामागे गेली होती, असे ठकूबाई सांगत होती.

हायस्कुलात बीजगणित आले. इंग्रजी आले ते असे, की एक शब्द धड ओळखीचा नाही. प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक. यशोधरेने आपला जुना उपाय काढला, आवाज वाढवला. "अ अधिक ब कंसाचा वर्ग," असे ती एवढ्या जोरात म्हणे की माझ्या आतले उंदीर पळत. मला एक गोष्ट मात्र खटकायची. मध्येच कोणी काही विचारले आणि तिचा धागा तुटला, की ती पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करी. मधून तिला काही सांगताच येत नसे. पण मी कणगी. मी कोणाला सांगणार?

दिवाळीच्या आधी सहामाहीचे प्रगतिपुस्तक घरी आले. श्रीपत खोपोलीच्या कारखान्यात कामाला होता. पाळी संपवून आला, हातपाय धुतले आणि माझ्याशेजारी बसून त्याने ते उघडले. त्याला जेमतेम वाचता येई, पण आकडे चांगले कळत. इंग्रजीत बारा. गणितात नऊ. शंभरापैकी.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरे झाले असते. तो नुसता गोंधळला. "रोज तर वरडत व्हती पोर. मग मार्क गेलं कुठं?"

यशोधरा माझ्या आडोशाला मान खाली घालून उभी राहिली.

थोड्या वेळाने श्रीपत म्हणाला, "यशे, तू नापास झालीस तर मी तुला मारनार नाय. पर पुढं धाडता यायचं नाय मला. आनि तू घरी बसलीस, तर तुझ्या मागं कुनीबी आपली पोर धाडनार नाय. ती सुंदरा बी नाय. वार्षिकला पास हो, म्हंजे झालं."

ते खरेच होते. दुसऱ्याच दिवशी ठकूबाई अंगणात म्हणाली, "मी म्हनलंच व्हतं, सातवीपातूर बास." सुंदरा तिच्या पदराआड उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

दिवाळीची सुटी संपल्यावर यशोधरा एक दिवस शाळेतून आली ती परकराच्या ओच्यात खडूचे तुकडे घेऊन. गणिताच्या बाईंनी दिले होते. आईला ती सांगू लागली, "आये, बाई म्हनाल्या, तू पाठ करतेस, शिकत नाईस. एकच पान वाचायचं, ते बी मनात. मग पुस्तक मिटायचं आनि आठवून लिवायचं. मग उघडून ताडून बघायचं. आनि परीक्षेच्या तोंडावर नाय, रोज थोडं थोडं."

लिहायला जागा हवी. वही दोन दिवसांत संपली असती. तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. माझे सारवण तेव्हा ताजे, खडखडीत वाळलेले होते. बोळ्याच्या थोडे वर तिने खडूने पहिली ओळ लिहिली. मित्रांनो, मला गुदगुल्या झाल्या, हे मी लपवत नाही.

पण घरात नवीनच पंचाईत झाली. माजघर शांत झाले. मालनबाईच्या कानाला काही लागेना, म्हणजे पोर रिकामी बसली आहे, असा तिचा समज. "यशे, पानी आन. यशे, शेरडू बांध. यशे, ठकूबाईकडनं विस्तव आन." एका संध्याकाळी तीन हाका झाल्या आणि तिन्ही वेळा पोरीच्या डोक्यात आलेले विरून गेले. चौथ्या हाकेला ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आये, मी अभ्यास करतेय गं."

"आवाज तर नाय," मालनबाई म्हणाली.

"हितं बघ ना."

पिठाचे हात पुसत मालनबाई आली. माझ्यासमोर उकिडवी बसली. त्या पांढऱ्या रेघांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने अंगठा खालच्या ओळीवर टेकवला, करंगळी वर ताणली. "म्हंजे आज एवढा झाला?"

"हा."

"वीतभर?"

"हा."

"बरं," मालनबाई म्हणाली. घागर उचलून स्वतःच पाण्याला गेली.

त्या दिवसापासून आमच्या घरात अभ्यास विताने मोजायला लागले. दिवेलागणीला मालनबाई यायची, माझ्या अंगावर वीत टाकायची. कधी म्हणायची, "आज चार बोटं कमी हाय." मग यशोधरा मुकाट्याने आणखी एक गणित सोडवायची. चुकलेले ती ओल्या फडक्याने पुसे आणि पुन्हा मांडे. बरोबर आलेले तसेच राही. सण असो, पाहुणे असोत, एक वीत झाल्याशिवाय ती उठत नसे. आधीची ती घर दणाणून टाकणारी ओरड मला नीट आठवते. तिच्यापुढे ही रोजची वीत म्हणजे काहीच नाही असे वाटायचे. पण मार्गशीर्ष गेला, पौष, माघ गेला आणि अभ्यास माझ्या पोटावरून फिरत फिरत गळ्यापर्यंत आला. आत भात कमी होत होते आणि बाहेर लिहिलेले वाढत होते. मला तर वाटायचे, एवढ्या शहाणपणाने आपण एखाद्या दिवशी बोलू लागू.

आणि मग एप्रिल आला. चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. आमच्या वस्तीचा सर्वांत मोठा सण. त्याआधी प्रत्येक घराला चुना लागतो, जमिनी सारवतात, तसबिरीला नवा हार होतो. परीक्षा सतरा तारखेपासून होती. बारा तारखेला यशोधरा शाळेत उजळणीला गेली होती. मालनबाईने पहाटेच शेण कालवले, भिंती झाल्या, जमीन झाली, आणि मग ती माझ्याकडे वळली.

मी काय करू शकत होते? तिचा थंड, ओला हात गळ्यापासून खाली येत गेला. इंग्रजी शब्द गेले. वर्गविस्तार गेला. पृथ्वीची आवरणे गेली. पाच महिन्यांचे सगळे दोन तासांत गेले. ती मात्र गुणगुणत होती.

यशोधरा दुपारी आली. दारातच थांबली. मालनबाई कोपरापर्यंत शेणाने भरलेले हात घेऊन हसत म्हणाली, "कशी दिसतेय? अभ्यासाला बसशील ती सोच्छ जागंवर बस."

पोरीने दप्तर खाली टाकले आणि ती भिंतीला टेकून मटकन बसली. मग हुंदके. "आये, सगळं गेलं. पाच दिवसांवर परीक्षा हाय."

मालनबाईचा चेहरा उतरला. "आगं, साळंत फळा पुसत्यात ना? लिवून झालं म्हनून मला वाटलं..." ती माझ्याकडे बघत राहिली, कोणी आपणच फोडलेल्या भांड्याकडे बघावे तशी.

मग ती माझ्यासमोर उकिडवी बसली. बोळ्याच्या थोडे वर, ओल्या सारवणावर, तिने वीत ठेवली.

"हितं पैल्या दिसाचं व्हतं. तीन वळी. खालची लांब व्हती. काय व्हतं?"

"मला नाय आठवत, आये."

"आठव. तीन वळी व्हत्या. तू लिवताना जीभ भाईर काडली व्हतीस."

यशोधरेने डोळे पुसले. "अ अधिक ब कंसाचा वर्ग," ती हळूच म्हणाली. "बरोबर अ वर्ग, अधिक दोन अ ब, अधिक ब वर्ग."

मालनबाईने तिथे बोट टेकवले. सारवणात छोटा खळगा उमटला. "हितं? ह्या बाजूला, बारीक बारीक व्हतं."

"ते शब्द. रिव्हर म्हंजे नदी. ब्रिज म्हंजे पूल."

दुसरा खळगा. मग मालनबाई मुद्दाम इकडून तिकडे जाऊ लागली. एकदा गळ्यापाशी, एकदा तळाशी, एकदा भिंतीकडच्या बाजूला हात घालून. त्या बाईला एक अक्षर येत नव्हते, पण कोणत्या दिवसाची वीत कुठे होती, किती ओळींची होती, कुठे पुसून दोनदा लिहिले होते, सगळे तिच्या डोळ्यांत होते. आणि जी पोर मधून विचारले की पहिल्यापासून सुरू करायची, ती आता बोट पडेल तिथले सांगत होती. अधूनमधून पुस्तक उघडून ताडून पाहत होती आणि आपल्यालाच खरे वाटत नाही अशा नजरेने आईकडे बघत होती. जिथे अडली तिथे मालनबाई खळगा न करता पुढे सरकली.

ऊन उतरेपर्यंत माझे अंग खळग्यांनी भरले. मालनबाई उठली, कमरेवर हात ठेवून तिने मला सगळीकडून पाहिले आणि मोकळ्या जागा मोजल्या.

"यशे, चारच राह्यल्यात की गं."

"चारच?"

"चार. आनि दिस पाच हायत."

यशोधरा आधी हसली, मग पुन्हा रडली, पण हे रडणे वेगळे होते. त्यावर दोघी चहा प्यायल्या. मित्रांनो, माझ्या आतले भातसुद्धा त्या वेळी हलके झाल्यासारखे मला वाटले.

मे महिन्यात निकाल लागला. गणितात त्रेपन्न, इंग्रजीत एकेचाळीस. श्रीपतने प्रगतिपुस्तक दोनदा वाचले, मग माझ्यावर टेकून बसला आणि एवढा मोठा श्वास सोडला, की तो सहामाहीपासून रोखून धरला असावा. "नववी," एवढेच म्हणाला. ठकूबाई त्याच संध्याकाळी आली. "आमची सुंदरा सातवी झाली की तिला बी धाडू म्हनते," असे म्हणून तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. "ठकूबाय, तुझ्याकडं कनगी हाय ना?" मालनबाईने विचारले.

पुढे यशोधरा अकरावी झाली, टेलिफोन खात्यात लागली, पनवेलला राहू लागली. पत्र्याची कोठी आली आणि मी रिकामी पडले. दोन वर्षे मला कोणी सारवले नाही. उंदरांनी कुरतडले, सारवण पापुद्र्यांनी गळाले. मग घर पाडून विटांचे बांधायचे ठरले, तेव्हा गवंडी म्हणाला, हिला तोडूनच बाहेर काढावी लागेल, चुलीत घाला.

मालनबाई म्हणाली, "आधी भित पाडा. मग कनगी काडा." त्यांनी तसेच केले. असे मी आयुष्यात पहिल्यांदा बाहेरचे ऊन पाहिले. आता नव्या घराच्या पडवीत उभी आहे.

माझे मागणे फार नाही. जुन्या वस्तूला वर्षातून एक हात फिरवा, ती टिकते. आणि घरात एखादे मूल पुस्तक मिटून गप्प बसले असेल, तर त्याला लगेच हाक मारू नका. आधी जवळ जाऊन बघा.

मालनबाई आता म्हातारी झाली आहे. अक्षर तिला अजून येत नाही. पण दर एप्रिलला, जयंतीच्या आधी, ती मला सारवते. सारवून झाले की उकिडवी बसते, बोळ्याच्या थोडे वर बोट टेकवते आणि कोणी ऐकत नाही असे समजून म्हणते, "अ वर्ग, अधिक दोन अ ब, अधिक ब वर्ग." मग पुढचा खळगा. रिव्हर म्हंजे नदी. ब्रिज म्हंजे पूल. अजून एकही जागा चुकलेली नाही.